कुठलं नागठाणे? धर्म आणि दर्शनांतले शब्द नव्याने शिकणाऱ्यांसाठी

कराडच्या स्टँडवर उभं राहून नुसतं ‘नागठाणे’ म्हणा, समोरचा विचारणारच, “कुठलं?” एक नागठाणे सातारा तालुक्यात, पुणे-बंगळूर हायवेला लागून. दुसरं सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी, बालगंधर्वांचं जन्मगाव. नाव अगदी तेच, पण चुकीच्या गाडीत बसलात तर उतरणार दुसऱ्याच जिल्ह्यात.

धर्म, दर्शन आणि पुराणं वाचायला बसलेल्या नव्या माणसाचं असंच होतं. ‘कर्म’ दिसलं, ओळखीचं वाटलं, बसला गाडीत. चार पानांनंतर लक्षात येतं की लेखक भलतंच काहीतरी सांगतोय. मी पंडित नाही. सांगलीत आम्ही काही जण शनिवारी संध्याकाळी बसून वाचतो, त्यातला एक. गेल्या काही वर्षांत स्वतः ज्या ज्या चुकीच्या गाड्यांत बसलो, त्यावरून हे लिहितोय.

पायरी पहिली : वही

शंभर पानी वही घ्या. एका पानावर एकच शब्द. त्याखाली चार गोष्टी लिहायच्या: हा शब्द आपल्या घरात कसा वापरतात, तो कोणाचा, म्हणजे कुठल्या पंथातला किंवा दर्शनातला, मूळ कुठल्या भाषेतला, आणि तिथे त्याच्या विरुद्ध शब्द कोणता. घरातला अर्थ आधी लिहायचा, कारण सगळा घोळ तोच घालतो. आणि विरुद्ध शब्दाची जागा कधी रिकामी सोडू नका. बऱ्याचदा खरा अर्थ तिथूनच कळतो.

उदाहरण म्हणून ‘धर्म’ घ्या. दारात येऊन कोणी ‘धर्म कर माय’ म्हणालं तर धर्म म्हणजे भिक्षा. शाळेत पाण्याचे गुणधर्म. जैमिनीच्या मीमांसेत धर्म म्हणजे वेदाने विधी म्हणून जे करायला सांगितलं ते. बौद्ध अभिधर्मात ‘धर्म’ अनेकवचनी येतो आणि त्याचा अर्थ होतो अनुभवाचे क्षणाक्षणाला उपजणारे-मावळणारे घटक. आणि जैन तत्त्वज्ञानात, सहा द्रव्यांच्या यादीत, धर्म आणि अधर्म अशी जोडी येते. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुण्य आणि पाप समजून दोन पानं पुढे गेलो. तिथे धर्म म्हणजे गतीला मदत करणारं माध्यम, आणि अधर्म म्हणजे थांबण्याला मदत करणारं. माशाला पोहायला पाणी मदत करतं, पण ढकलत नाही, तसा धर्म. वाटसरूला झाडाची सावली थांबायला मदत करते, पण ओढत नाही, तसा अधर्म. पापाचा तिथे संबंधच नाही. विरुद्ध शब्द आधी तपासला असता तर माझी दोन पानं वाचली असती.

पायरी दुसरी : तोंडातले शब्द आधी

परके, अवघड शब्द भीती घालतात, पण फसवत नाहीत. ‘प्रतीत्यसमुत्पाद’ दिसला की माणूस आपोआप कोशाकडे वळतो. फसवतात ते रोजचे. म्हणून सुरुवात आपण दिवसभर बोलतो त्या शब्दांनी करा. माझी पहिली यादी अशी होती: माया, प्रपंच, कर्म, जंगम, तारण, समाधी, उरूस, विहार.

माया म्हणजे आजीची माया. आणि ‘नोकरीत बक्कळ माया जमवली’ यातली माया वेगळी. शांकर वेदान्तातली तिसरीच: जिला आहे म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही, अशी. प्रपंच म्हणजे आपल्याकडे मुलंबाळं, किराणा, लाइटबिल. समर्थ दासबोधात ‘आधीं प्रपंच करावा नेटका’ म्हणतात तेव्हा हाच प्रपंच. पण महानुभावांच्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार नित्य पदार्थ मानले आहेत, आणि त्यात प्रपंच म्हणजे जडसृष्टी. याच चौकडीत आणखी एक खाच आहे. आपण ‘देवदेवता’ एका दमात म्हणून मोकळे होतो. तिथे देवता वेगळ्या आणि परमेश्वर वेगळा, आणि मोक्ष फक्त परमेश्वर देतो. फलटण त्यांचं मोठं तीर्थस्थान. त्यांच्या पंचकृष्णांपैकी, म्हणजे पाच अवतारांपैकी, चक्रपाणी तिथले.

जंगम शब्दाने मला सगळ्यात जास्त आनंद दिला. तलाठ्याकडे, कोर्टात, मृत्युपत्रात ‘स्थावर-जंगम मालमत्ता’ हे शब्द आपण सगळ्यांनीच ऐकलेत: जमीन-घर ते स्थावर, हलवता येतं ते जंगम. सांगली, मिरज, जत भागात जंगम म्हणजे लिंगायतांचे स्वामीही. दोन्हींचं मूळ एकच. 12व्या शतकात कल्याणला (ठाण्याजवळचं नव्हे, कर्नाटकातलं आजचं बसवकल्याण) बसवण्णांनी एका वचनात म्हटलंय की स्थावराला नाश आहे, जंगमाला नाही. दगडी देऊळ उभं राहतं आणि पडतं. चालतं-बोलतं, ज्ञान घेऊन हिंडणारं माणूस हेच खरं देऊळ. म्हणूनच इष्टलिंग, म्हणजे लिंगायत पूजतात ते छोटं लिंग, गळ्यात, अंगावर, गाभाऱ्यात नाही. हे कळल्यावर सातबाऱ्याकडे बघताना थोडं हसू येतं.

तारण म्हणजे सोसायटीत कर्जासाठी ठेवायचं ते. मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी मात्र तारण म्हणजे पापातून सुटका आणि येशू तारणारा. शब्द ‘तरणे’ वरूनच आलाय, फक्त नदी वेगळी. रेव्हरंड नारायण वामन टिळक आयुष्याच्या अखेरीस साताऱ्यात राहून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा करत होते. त्यांच्या अभंगांतला ख्रिस्त वारकरी भाषेत बोलतो. तिथे शब्द ओळखीचा असूनही तालुका वेगळा आहे, हे सतत ध्यानात ठेवावं लागतं.

पायरी तिसरी : शब्दापुढे तालुका

वहीत एकाच पानावर एकाच शब्दाचे अर्थ पंथाप्रमाणे वेगवेगळे लिहा. काही शब्द तर एकमेकांकडे पाठ करून उभे असतात.

पुद्गल: जैनांकडे जड द्रव्य, ज्याचे परमाणू असतात ते. बौद्धांकडे (पालीत पुग्गल) माणूस, व्यक्ती. म्हणजे एका घरात निर्जीव आणि शेजारच्या घरात सजीव.

श्रावक: जैनांकडे गृहस्थ अनुयायी, प्रपंच करणारा. बौद्ध ग्रंथांत बहुतेक ठिकाणी बुद्धाचा उपदेश ऐकून साधना करणारा शिष्य, आणि तो पुष्कळदा भिक्षूच.

विहार: कराडजवळ आगाशिवाच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत, तिथे विहार म्हणजे भिक्षूंनी राहायच्या खोल्या. आजच्या वस्तीतला बुद्धविहार म्हणजे वंदनेची जागा. सांगलीत जैन शेजारी सांगतात, “महाराजांचा विहार झाला आज पहाटे,” तेव्हा त्याचा अर्थ महाराज गाव सोडून पायी पुढे निघाले. एकीकडे मुक्काम, दुसरीकडे निघणं. (आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावावर नौकाविहार आहेच.)

कर्माला मात्र अख्खं पान पुरत नाही. तीन पानं सोडा. आपल्याकडे ‘कर्म माझं!’ म्हणून कपाळावर हात मारतात, म्हणजे नशीब. मीमांसकांचं कर्म हे यज्ञकर्म आहे. आज केलेल्या यज्ञाचं फळ मेल्यावर कसं मिळणार, या अडचणीवर त्यांनी ‘अपूर्व’ नावाची अदृश्य शक्ती मध्ये धरली. बुद्धांनी सांगितलं की चेतनेलाच, म्हणजे हेतूलाच, मी कर्म म्हणतो. नकळत पायाखाली मुंगी मेली तर हेतू नाही, म्हणून ते कर्म त्या अर्थाने नाही. जैनांचं उत्तर याहून फार वेगळं. तिथे कर्म हे चक्क सूक्ष्म जड द्रव्य आहे, वर आलेल्या पुद्गलाचाच प्रकार. ते जीवाकडे वाहत येतं तो आस्रव, चिकटतं तो बंध, येणं थांबवणं म्हणजे संवर, आणि चिकटलेलं झडवणं म्हणजे निर्जरा. तेलकट अंगाला धूळ बसावी तसं. जैन मुनींची तपश्चर्या इतकी कडक का, हे त्या एका कल्पनेतून उलगडतं: नुसता हेतू सुधारून भागत नाही, साठलेलं झाडावंही लागतं. ‘सगळे धर्म कर्म मानतात’ असं भाषणात कोणी म्हणालं की मला आता ही तीन पानं आठवतात.

पायरी चौथी : आस्तिक-नास्तिक, आणि माझी फजिती

षड्दर्शनं पाठ करायची तर जोडीने करा, सोपं जातं. सांख्य-योग, न्याय-वैशेषिक, मीमांसा-वेदान्त. नावं त्याच क्रमाने: कपिल-पतंजली, अक्षपाद गौतम-कणाद, जैमिनी-बादरायण. सांख्यांनी 25 तत्त्वं मोजली, योगाने त्यात ईश्वर वाढवला. वैशेषिकांनी जग कशाकशाचं बनलंय याची मोजदाद केली, परमाणूपर्यंत गेले. न्यायाने ते सिद्ध कसं करायचं, वाद कसा घालायचा, हे पाहिलं. मीमांसेने वेदातल्या विधींचा अर्थ लावला, वेदान्ताने उपनिषदांचा. सुरुवातीला एवढं पुरे. वेदान्ताचे पुढचे अद्वैत, विशिष्टाद्वैत, द्वैत हे फाटे दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

ही सहा ‘आस्तिक’ दर्शनं; चार्वाक, जैन, बौद्ध ही ‘नास्तिक’. पुस्तकात असंच लिहिलेलं असतं, आणि मी एका छोट्या कार्यक्रमात ते तसंच ठोकून दिलं. कार्यक्रम संपल्यावर पहिल्या रांगेतले एक वयस्कर आण्णा काठी टेकत आले. जैन शेतकरी. म्हणाले, “बाळ, चाळीस वर्षं झाली, अंधार पडल्यावर मी घास घेत नाही. रोज देवळात जातो. आन् मी नास्तिक?” माझ्या तोंडून शब्द फुटेना.

त्या रात्री वही उघडून ‘आस्तिक’चं पान नीट भरलं. या शब्दाचे तीन तालुके आहेत. मनुस्मृतीत ‘नास्तिको वेदनिन्दकः’, म्हणजे वेद न मानणारा तो नास्तिक. सहा आणि तीन ही विभागणी या अर्थाने. पाणिनीच्या सूत्रावर टीकाकार सांगतात की परलोक आहे असं मानणारा तो आस्तिक. त्या हिशेबाने जैन आणि बौद्ध दोघेही आस्तिक ठरतात, एकटा चार्वाक बाहेर राहतो. आणि आजच्या बोलण्यात देव मानणारा तो आस्तिक. मग सांख्यांचा मुख्य ग्रंथ असलेल्या सांख्यकारिकेत ईश्वराला जागाच नाही, मीमांसकांना जगाचा कर्ता नको आहे, तरी ते ‘आस्तिक’ कसे, हे कोडं आपोआप सुटतं: त्यांनी वेद मानला, एवढंच. पुढच्या शनिवारी आण्णांच्या घरी जाऊन हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, “मग त्या दिवशी हे का नाही सांगितलंस?”

पायरी पाचवी : शेवटाचे शब्द, चौकातल्या फ्लेक्सवरून

मोक्ष, निर्वाण, कैवल्य, अपवर्ग (न्यायदर्शनातली मुक्ती), फना. हे सगळे ‘तेच’ असं लिहिलेलं पुस्तक हातात आलं तर बाजूला ठेवा. निर्वाण म्हणजे विझणं: तृष्णेची आग विझणं. सांख्य-योगातलं कैवल्य म्हणजे केवळ असणं, पुरुष प्रकृतीपासून सुटून एकटा उरणं. अद्वैतातल्या मोक्षात एकटं उरायला दुसरं काही नव्हतंच. सूफींची फना म्हणजे ‘मी’चं ईश्वरात विरून जाणं. विझणं, सुटणं, विरणं ही तीन वेगळी क्रियापदं आहेत. वहीत क्रियापद लिहा, नाम आपोआप लक्षात राहतं.

याचा सराव करायला ग्रंथ नकोत. वर्तमानपत्रातलं निधनवार्तांचं पान, लग्नपत्रिका आणि चौकातले श्रद्धांजलीचे फ्लेक्स वाचा. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी, शिवाच्या गावी गेलेला. ‘वै.’ म्हणजे वैकुंठवासी. माळकरी घरात हेच लावतात, आणि पुढे बहुधा ‘ह.भ.प.’ असतं. ‘लिंगैक्य’ दिसलं तर घर लिंगायत. ‘कालकथित’ दिसलं तर बौद्ध. तिथे कैलासही नको, वैकुंठही नको, म्हणून घडवलेला शब्द. ‘मर्हूम’ मुस्लिम घरातला, ‘प्रभुवासी’ ख्रिस्ती. 6 डिसेंबरला बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन. ‘पुण्यतिथी’ न म्हणण्यामागे विचार आहे. आणि दिवाळीच्या अमावास्येला जैन मंदिरात लाडू वाहतात तो महावीरांच्या निर्वाणाचा. शब्द बौद्ध घरातला तोच, गाव निराळं. गंमत म्हणजे पत्रिकेत जागा कमी पडली की छापखानेवाले सरसकट ‘कै.’ लावून टाकतात, आणि जन्मभर पंढरीची वारी केलेले आजोबा कैलासाला पोचतात.

पायरी सहावी : एक नाव, अनेक माणसं

गौतम म्हटलं की आपल्याला बुद्ध आठवतात. पण न्यायसूत्रांचे कर्ते अक्षपाद गौतम वेगळे, अहल्येचे पती गौतम ऋषी वेगळे, आणि महावीरांचे पहिले गणधर, म्हणजे पट्टशिष्य, इंद्रभूती गौतम आणखी वेगळे. ‘गौतमाने सांगितले’ एवढ्यावर कधी पुढे वाचू नका. भरताचंही तेच. रामाचा भाऊ, शकुंतलेचा मुलगा, हरणात जीव गुंतलेला जडभरत, नाट्यशास्त्राचे भरतमुनी, आणि जैन परंपरेत ऋषभदेवांचा मुलगा, बाहुबलींशी लढून हरलेला चक्रवर्ती भरत. सांगलीहून कुंभोजच्या बाहुबलीला जाणाऱ्यांना हा शेवटचा माहीत असतो, बाकीच्यांना सहसा नाही.

अशा वेळी सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा प्राचीन चरित्रकोश उपयोगी पडतो: एकाच नावाच्या माणसांना तो अनुक्रमांक देऊन वेगळं करतो.

पदव्यांतही हीच सावधगिरी ठेवा. अवतार, तीर्थंकर, पैगंबर, बुद्ध या चार वेगळ्या कल्पना आहेत. अवतारात देव खाली येतो. तीर्थंकर खालून वर जातो, माणूस म्हणून जन्मून. पैगंबर निरोप आणतो, देव नसतो, आणि इस्लाममध्ये त्याला देव म्हणणं हा मोठा अपराध. ‘बुद्ध विष्णूचा नववा अवतार’ हे वाक्य अनेक जुन्या पंचांगी चित्रांत दिसेल. 14 ऑक्टोबर 1956ला नागपुरात दिलेल्या 22 प्रतिज्ञांत ते नाकारणारी एक स्पष्ट प्रतिज्ञा आहे. आगाशिवाच्या लेण्यांसमोर ते वाक्य सहज बोलून जाण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

पायरी सातवी : कथा सांगणारा कोण?

पुराणकथेत ‘खरी कथा कोणती’ विचारण्यापेक्षा ‘ही कोणाकडची’ विचारा. विमलसूरींच्या जैन रामकथेत रावणाला राम मारत नाही, लक्ष्मण मारतो. कारण त्याच जन्मी मोक्षाला जाणाऱ्या रामाच्या हातून हिंसा कशी होईल? बौद्ध दशरथ जातकात दशरथ वाराणसीचा राजा आहे. आणि ‘असुर’ तर पहाच. ऋग्वेदाच्या जुन्या भागात वरुणालाही असुर म्हटलंय, सामर्थ्यवान या अर्थाने. तोच शब्द पारशांच्या अवेस्तात ‘अहुर’ होऊन सर्वोच्च परमेश्वर झाला, अहुर मज्द. आणि तिकडचे ‘दएव’, आपले देव, दुष्ट ठरले. दोन भाऊबंदांनी वाटणी करताना एकाने एक शब्द उचलला, दुसऱ्याने दुसरा, आणि राहिलेल्याला नावं ठेवली. भाऊबंदकी आपल्याला काही नवीन नाही.

पायरी आठवी : कोश आणि माणसं

अडलं की मराठी विश्वकोश. त्याचं काम वाईत चालत आलंय. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक असताना 1976मध्ये पहिला खंड निघाला. आता नोंदी इंटरनेटवर फुकट वाचता येतात. त्याच वाईच्या प्राज्ञपाठशाळेतून धर्मकोश आणि मीमांसाकोश निघाले. हे दोन नवख्या माणसाने फक्त लांबून बघावेत. संस्कृत पक्कं नसेल तर हाती काही लागणार नाही. विश्वकोशात मात्र नुसती एक नोंद वाचून थांबू नका. ‘कर्म’ वाचली की ‘जैन दर्शन’ उघडा.

कोशात सापडत नाही ते माणसांकडे असतं. त्यासाठी आधी रामराम नीट घालता आला पाहिजे. महानुभावांना ‘दंडवत प्रणाम’, जैनांना ‘जय जिनेंद्र’, लिंगायतांना ‘शरणु शरणार्थी’, वारकऱ्याला ‘राम कृष्ण हरी’, सज्जनगडावर ‘जय जय रघुवीर समर्थ’, बौद्ध वस्तीत ‘जय भीम’. यातला प्रत्येक नमस्कार हा त्या तत्त्वज्ञानाचा पहिला धडाच असतो. वहीत त्यालाही पान द्या. आणि प्रश्न विचारताना ‘हे आमच्या अमक्यासारखंच ना?’ असं कधी म्हणू नका. समोरचा सभ्यपणे ‘हो’ म्हणतो आणि तिथेच शिकणं संपतं. ‘तुमच्यात याला काय म्हणतात?’ एवढंच विचारा.

मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरसाच्या वेळी जा. उर्स हा अरबी शब्द, अर्थ लग्न. संताचा मृत्यू म्हणजे प्रियकराशी मीलन, म्हणून पुण्यतिथीला लग्न म्हणायचं. आपल्याकडे तो इतका मुरलाय की महादेवाच्या जत्रेलाही लोक उरूस म्हणतात. मिरजेच्या दर्ग्यात मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवरची चादर, चर्मकार समाजाकडून चढतो, आणि आवारातच गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, जिथे त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. मोहरमला कडेगावचे उंच ताबूत बघा. ताबूत म्हणजे शवपेटी, हे तिथल्या गर्दीत उभं राहून आठवलं की मिरवणूक वेगळी दिसते. पलूस तालुक्यात कुंडल आणि औदुंबर एका दिवसात होतात: कुंडलला डोंगरावर पार्श्वनाथ, औदुंबरला कृष्णेच्या घाटावर दत्ताच्या पादुका. आपला दत्त तीन मुखांचा, महानुभावांचा एकमुखी. ‘दत्त’च्या पानावर दोन्ही लिहा.

उन्हाळा सोडून एकदा जतकडेही जा, उमदीपर्यंत. तत्त्वज्ञ गुरुदेव रा. द. रानड्यांचे गुरू भाऊसाहेब महाराज तिथले. त्या बाजूला अर्धे शब्द कानडीतून येतात आणि मराठी अक्षरांत नीट बसत नाहीत. पेन्सिल न्या, कानाला ऐकू येईल तसं उतरवा, आणि सांगणाऱ्याला परत म्हणून दाखवा. तो हसला तर खोडा आणि पुन्हा विचारा.